सोनेरी तांदूळ आणि जीवनसत्त्वं वाढवलेली पिकं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जनुकीय बदल केलेल्या अन्नाचा विषय निघाला की पाच मिनिटांत घरात दोन तट पडतात. खालचे प्रश्न दोन्ही तटांकडून येतात. बहुतेक सोनेरी तांदळाबद्दलचे आहेत, कारण पिकात जीवनसत्त्व घालण्याच्या उद्योगातलं सगळ्यांत जुनं आणि सगळ्यांत रेंगाळलेलं प्रकरण तेच आहे.

वाण्याकडे मिळतो तो ‘गोल्डन सेला’ म्हणजेच हा का?

नाही. गोल्डन सेला हा उकडा बासमती. साळ उकडताना दाण्याला पिवळसर झाक येते, तिचा जीवनसत्त्व अ शी काही संबंध नाही. बिर्याणीवाले तो घेतात तो दाणा मोडत नाही म्हणून.

रेशनच्या तांदळात काही दाणे वेगळेच दिसतात, पाण्यावर तरंगतात. ते जनुकीय बदललेले, की प्लास्टिकचे?

दोन्ही नाहीत. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि ब१२ मिसळून यंत्रातून पाडलेले ते दाणे असतात. किलोभर तांदळात साधारण दहा ग्रॅम, म्हणजे शंभराला एक या प्रमाणात ते मिसळतात. पिठाचे असल्यामुळे काही दाणे तरंगतात आणि रंगानेही थोडे उठून दिसतात, म्हणून ‘प्लास्टिकचा तांदूळ’ ही आवई गावोगाव फिरली. निवडताना ते वेचून टाकू नका, रेशनच्या त्या तांदळात वेगळं जे काही घातलंय ते त्यांच्यातच आहे. याला पोषणमूल्य वाढवलेला, म्हणजे फॉर्टिफाइड तांदूळ म्हणतात. इथे पोषण कारखान्यात घातलं जातं, सोनेरी तांदळात ते शेतात, रोपातच तयार होतं. शिवाय रेशनच्या दाण्यात जीवनसत्त्व अ नसतं.

मग सोनेरी तांदूळ म्हणजे नेमकं काय?

दाण्याच्या आतल्या पांढऱ्या भागात बीटा-कॅरोटीन तयार करणारा भात. गाजर, पिकलेली पपई, लाल भोपळा यांना रंग देणारं द्रव्य तेच. ते पोटात गेलं की शरीर त्यापासून जीवनसत्त्व अ बनवतं. झुरिकच्या तंत्रविद्यापीठातले इंगो पोट्रायकस आणि फ्रायबुर्ग विद्यापीठातले पीटर बायर यांनी तो बनवला, आणि जानेवारी २००० मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात त्याची माहिती आली.

भाताच्या दाण्यात हे आधी नसतंच का? हातसडीचा तांदूळ खाल्ला तर?

भाताच्या पानात बीटा-कॅरोटीन भरपूर असतं, पण पानं आपण खात नाही. दाण्याच्या कोंड्यात ते नावापुरतं असतं. हातसडीच्या तांदळातून ब गटातली जीवनसत्त्वं आणि तंतू नक्की मिळतात, अ मात्र मिळत नाही. हा गैरसमज इतका पक्का आहे की आहारावर बोलणारी शहाणी माणसंसुद्धा ‘पॉलिश बंद करा, सगळं सुटेल’ असं म्हणून मोकळी होतात.

तांदूळ पैदास करणाऱ्यांनी पिवळ्या दाण्याचा नैसर्गिक भात पुष्कळ शोधला. बाजरीत जसे जास्त लोहाचे वाण सापडले, तसा पिवळा भात एकाही संग्रहात निघाला नाही. जे वाणांच्या संग्रहात नाहीच ते साध्या संकराने आणायचं कुठून? जनुकीय अभियांत्रिकीकडे वळण्याचं मूळ कारण हे.

जनुकं कुठून आणली?

दाण्यात कच्चा माल होता. कॅरोटीनच्या साखळीतला सुरुवातीचा रेणू भाताचा दाणा स्वतःच बनवतो, पण पुढची पायरी तिथे बंद असते. पहिल्या आवृत्तीत ती पायरी उघडायला डॅफोडिल या फुलझाडाचं जनुक वापरलं होतं. पुढच्या काही पायऱ्या रोपांमध्ये वेगवेगळी विकरं, म्हणजे एन्झाइम्स, करतात. मातीत आढळणाऱ्या एका जिवाणूचं एकच विकर ती सगळी कामं उरकतं, म्हणून त्याचं जनुक घेतलं. शेवटची पायरी, लाल लायकोपीनचं बीटा-कॅरोटीन करण्याची, भाताचा दाणा आपली आपणच करतो. साखळी लायकोपीनवर अडली असती, तर दाणे टोमॅटोसारखे लाल निघाले असते.

२००५ मध्ये सिंजेंटा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी डॅफोडिलचं जनुक काढून मक्याचं घातलं. कॅरोटीनचं प्रमाण ग्रॅममागे १.६ मायक्रोग्रॅमवरून ३७ पर्यंत गेलं, म्हणजे तेवीस पट. आज जे वाण तयार आहेत ते या दुसऱ्या पिढीचे.

जिवाणूचं जनुक पोटात गेलं तर काही होणार नाही?

प्रत्येक घासाबरोबर आपण कोट्यवधी जनुकं गिळतो: भाताची, माशाची, दह्यातल्या जिवाणूंची. ती पचतात. विचारायचं असेल तर जनुकाबद्दल नको, त्या जनुकामुळे दाण्यात जे नवं प्रथिन तयार होतं त्याबद्दल विचारा. ते ॲलर्जी आणेल का? विषारी आहे का? सोनेरी तांदळातल्या नव्या प्रथिनांची तपासणी झाली: ती पोटातल्या रसात लवकर पचतात आणि ज्ञात ॲलर्जीकारक प्रथिनांशी त्यांचं साम्य नाही. त्याआधारे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडने २०१७ मध्ये, कॅनडा आणि अमेरिकेने २०१८ मध्ये आणि फिलिपिन्सने २०१९ मध्ये हा तांदूळ खाण्यास सुरक्षित मानला.

जाता जाता एक गोष्ट. बीटी कापूस २००२ पासून आपल्या शेतात आहे. त्याच्या सरकीचं तेल आपण खातो आणि पेंड दुभत्या जनावरांना घालतो. ‘जनुकीय बदललेलं काही मी तोंडात घेत नाही’ असं विदर्भात किंवा खानदेशात बसून म्हणणं तसं अवघडच.

एवढ्याशा पिवळ्या रंगाने गरज भागते का?

सगळ्या वादाचा गाभा हा आहे, तेव्हा आकडेमोड करूनच पाहू.

पहिल्या आवृत्तीत ग्रॅमला १.६ मायक्रोग्रॅम कॅरोटीन होतं. मोठ्या माणसाने दिवसाला ३०० ग्रॅम तांदूळ खाल्ला तर पोटात गेलं ४८० मायक्रोग्रॅम. भाज्यांमधल्या कॅरोटीनच्या बारा भागांपासून शरीर एक भाग जीवनसत्त्व अ बनवतं, असा त्या वेळचा ठोकताळा. म्हणजे हाती आले ४०. गरज ५०० च्या आसपास. यावरूनच ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेने २००१ मध्ये सांगितलं की गरज भागवायला रोज नऊ किलो शिजवलेला भात खावा लागेल. आकडा टिंगलीचा वाटला, तरी हिशेब चुकीचा नव्हता.

पुढे त्या हिशेबातले दोन्ही आकडे बदलले. दाण्यातलं कॅरोटीन वाढलं ते वर आलंच आहे. दुसरं म्हणजे, २००९ मध्ये पाच निरोगी प्रौढांना दहा ग्रॅम लोण्यासोबत सोनेरी भात देऊन त्यांच्या रक्तातलं प्रमाण मोजलं. बाराऐवजी ३.८ भागांना एक, असं प्रमाण आलं. भाजीतलं कॅरोटीन पेशींच्या तंतुमय जाळ्यात अडकलेलं असतं, भातातलं चटकन सुटतं. माणसं पाचच होती हे मात्र विसरू नये.

तिसरा बदल झाला तो उलट दिशेने. शेतात उतरलेल्या वाणांत ३७ कधीच मिळत नाहीत. फिलिपिन्समध्ये मंजूर झालेल्या ‘जीआर२ई’ या प्रकारात प्रमाण एक आकडीच आहे. हिशेबाला ग्रॅमला ४ मायक्रोग्रॅम धरू. लहान मूल दिवसाला १२० ग्रॅम तांदूळ खात असेल तर ४८० मायक्रोग्रॅम कॅरोटीन, त्याला ३.८ ने भागलं तर १२६. एक ते तीन वर्षांच्या मुलासाठी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस ४०० ची आहे. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास.

फिलाडेल्फिया असो की फलटण, पोषणात तिसरा हिस्सा म्हणजे थोडी गोष्ट नाही. पण ‘वर्षाला दहा लाख मुलं वाचतील’ असं ‘टाइम’ साप्ताहिकाने जुलै २००० मध्ये मुखपृष्ठावर छापलं, ते ग्रॅमला १.६ वाल्या तांदळाच्या जिवावर. त्या मुखपृष्ठाने या पिकाचं विरोधकांइतकंच नुकसान केलं असं माझं मत आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सुरक्षिततेला हरकत घेतली नाही, पण तिथल्या खाण्याच्या प्रमाणात ‘जीवनसत्त्वयुक्त’ असा दावा पाकिटावर करण्याइतकं कॅरोटीन यात नाही, असंही नोंदवलं. तिथली माणसं भात खातात किती! रोज तीन वेळा भातच खाणाऱ्या घराचा हिशेब वेगळा.

जास्त खाल्लं तर जीवनसत्त्व अ चा अतिरेक होईल?

नाही. शरीर गरजेपुरतंच कॅरोटीन बदलून घेतं. अतिरेकाचा धोका असतो तो तयार जीवनसत्त्व अ च्या गोळ्या आणि माशाच्या यकृताच्या तेलाचा.

शिजवताना, साठवताना किती टिकतं?

शिजवताना थोडं जातं. कॅरोटीन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे वेळून भात केला तरी पेजेबरोबर ते वाहून जात नाही. ब गटातली जीवनसत्त्वं मात्र जातात. भातावर तूप घेण्याची आपली सवय इथे नेमकी उपयोगी आहे, कारण स्निग्ध पदार्थ असल्याशिवाय कॅरोटीन आतड्यातून नीट शोषलं जात नाही.

साठवण ही खरी अडचण. सडलेला, पॉलिश केलेला दाणा हवेत राहिला की कॅरोटीनचं ऑक्सिडीकरण होतं आणि महिन्यागणिक रंग उतरत जातो. साळ तशीच ठेवून लागेल तशी सडून घेतली तर घट कमी होते. थंड जागी, हवाबंद ठेवल्यासही फरक पडतो.

आता आपल्याकडची रीत बघा. नवा तांदूळ चिकट होतो, गिचका होतो, म्हणून वर्षभर मुरलेला जुना कोलम आपण जास्त पैसे देऊन घेतो. नवा म्हणून ज्याला भाव कमी, त्यातच कॅरोटीन जास्त. वर्षभराच्या साठवणुकीनंतर ताटात येणारा सोनेरी तांदूळ कागदावरच्या आकड्यापेक्षा बराच फिका असणार. रेशनच्या गोदामांबद्दल तर बोलायलाच नको.

चव, वास बदलतो?

कॅरोटीनमुळे जाणवण्यासारखा फरक पडत नाही. चव मूळ वाणाची. कोणी आंबेमोहरात हे जनुक उतरवलं तर वास आंबेमोहराचाच येईल, भात तेवढा पिवळा दिसेल. सणाला केशरी भात करणाऱ्या घरात रंगाचं वावडं नसावं, पण रोजच्या वरणभाताला पांढराच हवा, हा आग्रहही आपलाच आहे.

एवढा खटाटोप कशाला? गाजर, शेवग्याचा पाला, पपई खायला सांगा.

सांगावंच. शेवग्याचा पाला, राजगिरा, लाल माठ, लाल भोपळा, पिकलेला आंबा, पपई यांत कॅरोटीन या तांदळापेक्षा कितीतरी पट आहे. ज्या मुलाच्या ताटात हे रोज पडतं, त्याला सोनेरी तांदळाची गरज नाही.

अडचण अशी की भाजी पावसाळ्यात असते आणि उन्हाळ्यात महागते; आंबा दोन महिने असतो; घरात पालेभाजी आली तरी दीड वर्षाचं पोर ती थुंकून टाकतं. भात किंवा भाकरी मात्र गरिबातल्या गरीब घरातही रोज होते. मुख्य धान्यातच जीवनसत्त्व घालण्यामागचा विचार एवढाच: खाण्याची सवय बदलायला लागू नये. एकाच जीवनसत्त्वाची कमतरता असलेलं मूल मात्र सहसा सापडत नाही. जिथे अ कमी असतं तिथे लोह, जस्त, प्रथिनंही कमी असतात, आणि ताटात तेल-तुपाचा थेंब नसेल तर सोनेरी भातातलं कॅरोटीनही पूर्ण अंगी लागत नाही. ‘गरिबीवर औषध म्हणून पीक देऊ नका’ ही टीका मला इथपर्यंत पटते. पण भाज्या पिकवणं आणि तांदूळ सुधारणं या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. आड येतो तो फक्त पैसा, संशोधनाचा निधी कुठे जातो हा.

अंगणवाडीत डोस देतात ना? मग हे कशाला?

देतात. पिवळसर, गोड औषध, बाटलीबरोबर खुणेचा प्लास्टिकचा चमचा. नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर अर्धा चमचा, म्हणजे एक लाख युनिट. नंतर दर सहा महिन्यांनी पूर्ण चमचा, दोन लाख युनिट, पाच वर्षांपर्यंत. एकूण नऊ मात्रा. भारतात हा कार्यक्रम १९७० पासून आहे, आणि तो होता म्हणून रातांधळेपणा आणि बुबुळ पांढरं पडून येणारं आंधळेपण आज पूर्वीसारखं दिसत नाही. बुबुळाशेजारी साबणाच्या फेसासारखा दिसणारा पांढरट डाग, बिटॉटचा डाग, पूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांच्या रोजच्या ओळखीचा होता.

२०१६ ते १८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात एक ते चार वर्षांच्या मुलांपैकी सुमारे १८ टक्के मुलांमध्येच ही कमतरता आढळली. त्यामुळे आता सरसकट सगळ्यांना डोस देण्याची गरज उरली आहे का, असा प्रश्न काही भारतीय आहारतज्ज्ञच विचारू लागले आहेत. सोनेरी तांदळाची बाजू मांडणाऱ्यांनाही हा प्रश्न टाळता येणार नाही: तांदूळ बनवायला घेतला तेव्हाचं चित्र आणि आजचं चित्र एक नाही.

चीनमध्ये मुलांवर गुपचूप प्रयोग झाला होता, हे खरं का?

दुर्दैवाने, बव्हंशी खरं. २००८ मध्ये हुनान प्रांतातल्या शाळकरी मुलांना सोनेरी भात देऊन शोषणाचा अभ्यास झाला. भात जनुकीय बदल केलेला आहे हे पालकांना नीट सांगितलं गेलं नव्हतं. २०१२ मध्ये निबंध छापून आला, बोभाटा झाला, चीनमध्ये संबंधित अधिकाऱ्यांवर कारवाई झाली, आणि २०१५ मध्ये नियतकालिकाने निबंध मागे घेतला. मागे घेतला तो संमतीच्या प्रश्नावरून, आकडे खोटे ठरले म्हणून नव्हे. पण मुलांच्या बाबतीत असं वागल्यावर आकडे बरोबर होते की नाही हे ऐकायला कोण थांबणार?

शोध २००० सालचा. मग अजून ताटात का नाही?

‘विरोधकांनी अडवला’ हे एक उत्तर. ऑगस्ट २०१३ मध्ये फिलिपिन्सच्या बिकोल भागात चाचणीचं शेत जमावाने उपटून टाकलं, हे घडलेलं आहे. शंभरावर नोबेल विजेत्यांनी २०१६ मध्ये ग्रीनपीसला पत्र लिहून विरोध सोडायला सांगितलं. नियमांचा काच तर प्रचंड: प्रत्येक देशात नव्याने फाइल, नव्याने चाचण्या.

पण विरोधावर सगळं ढकललं की खाचरातली गोष्ट झाकली जाते. जनुक एकदा दाण्यात उतरलं म्हणजे वाण तयार झालं असं नसतं. पहिला सोनेरी तांदूळ तैपेई ३०९ या प्रयोगशाळेत सोयीच्या वाणात होता, शेतकरी तो लावत नव्हते. तिथून लोकप्रिय वाणाशी संकर, त्याच्या संततीचा परत त्याच वाणाशी संकर, पुन्हा संकर, असं पाच-सहा पिढ्या चालतं. एवढं करून जे हाती येतं ते मूळ वाणाइतकं उत्पन्न देतं का?

भारतातलाच दाखला घ्या. पूर्व भारतात लाखो हेक्टरवर लावल्या जाणाऱ्या स्वर्णा या वाणात दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘जीआर२आर’ हा प्रकार उतरवला. दाणे पिवळे झाले, पण रोपं खुजी राहिली, पानं फिकट पडली, लोंब्या लहान आल्या, उत्पन्न साफ घसरलं. शोध घेतल्यावर कळलं की नवी जनुकं भाताच्या गुणसूत्रावर अशा ठिकाणी जाऊन बसली होती की वाढीच्या संप्रेरकाची ने-आण करणारं भाताचं स्वतःचं एक जनुक मधोमध तुटलं होतं. २०१७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जनुक घालण्याच्या त्या काळच्या पद्धतीत ते नेमकं कुठे जाऊन बसेल हे ठरवता येत नसे. बसेल तिथे बसेल, मग शेकडो रोपांतून चांगलं निवडायचं. फिलिपिन्समधल्या लोस बान्योसच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेलाही, म्हणजे इरीलाही, हाच प्रकार सोडून जीआर२ई कडे वळावं लागलं. त्यात वर्षं गेली. ग्लेन स्टोन आणि डॉमिनिक ग्लोव्हर या अभ्यासकांनी २०१६ मध्ये हेच मांडलं, की उशिराचं मोठं कारण शेतात आहे, मोर्च्यात नाही. मला त्यांचं म्हणणं रास्त वाटतं. विरोधामुळे उशीर वाढला, एवढं मात्र त्यात जोडायला हवं.

फिलिपिन्समध्ये शेवटी काय झालं?

जुलै २०२१ मध्ये लागवडीला परवानगी मिळाली. असा निर्णय घेणारा तो जगातला पहिला देश. तिथे त्याचं नाव ‘मालुसोग’, म्हणजे निरोगी. २०२२ मध्ये आन्तिके आणि इतर प्रांतांत पीक निघालं. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने, मासिपाग ही शेतकऱ्यांची संघटना, ग्रीनपीस आणि इतरांच्या अर्जावर, सोनेरी तांदूळ आणि बीटी वांगं या दोन्हींचे जैवसुरक्षा परवाने रद्द केले. न्यायालयाचा रोख ‘तांदूळ घातक आहे’ असा नव्हता. सुरक्षिततेबद्दल पूर्ण शास्त्रीय खात्री नसताना खबरदारी घ्यावी, असा होता. बांगलादेशात तिथल्या लोकप्रिय ब्री धान २९ या वाणाचा सोनेरी अवतार तयार आहे. परवानगीचा अर्ज २०१७ चा.

मालकी कंपनीची आहे ना? बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागेल?

तंत्र बनवताना वापरलेल्या पद्धतींवर ७० च्या आसपास पेटंट्स होती आणि मालक ३२. ती गुंतागुंत सोडवायला शोधकर्त्यांनी व्यापारी हक्क आधी झेनेकाला, म्हणजे पुढच्या सिंजेंटाला दिले. बदल्यात गरीब देशांसाठी मोफत परवाना मिळाला: शेतीतून वर्षाला दहा हजार डॉलरपेक्षा कमी कमावणाऱ्या शेतकऱ्याला तंत्राचं शुल्क नाही, आणि त्याने घरचं बियाणं ठेवावं, पुन्हा पेरावं. वाण सरळ आहे, संकरित नाही, त्यामुळे दाणा पेरला की तसाच उगवतो. बीटी कापसात आपण पाहिलं तसं दर हंगामाला पाकीट आणायला धावावं लागत नाही.

शेजारच्या खाचरात पसरेल?

भात बव्हंशी स्वतःच्याच परागाने फळतो. फुलोरा मिटायच्या आतच काम झालेलं असतं. जवळच्या शेतात टक्क्याहून कमी संकर होऊ शकतो. रानटी भात, आपल्याकडचा देवभात, जवळपास असेल तर जनुक त्यात जाऊ शकतं. दाण्यातलं कॅरोटीन त्या रोपाला जगण्याच्या स्पर्धेत काही बळ देत नाही, म्हणून तण माजण्याची भीती इथे फारशी नाही. देशी वाण जपणाऱ्याच्या बियाण्यात भेसळ होईल ही भीती वेगळी आणि रास्त आहे.

जनुकीय बदल न करता हेच साधत नाही का?

जिथे गुण त्या पिकात मुळातच आहे, तिथे साधतं, आणि महाराष्ट्र यात पुढे आहे. ‘धनशक्ती’ ही जास्त लोहाची बाजरी इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने निवड पद्धतीने काढली, २०१२ मध्ये ती शेतकऱ्यांकडे आली. परभणीच्या विद्यापीठाचा ‘एएचबी १२००’ हा संकरही जास्त लोहाचा. लोह हे जीवनसत्त्व नव्हे, पण मार्ग तोच. दिल्लीच्या संस्थेने २०१७ मध्ये ‘पुसा विवेक क्यूपीएम ९ सुधारित’ हा कॅरोटीनयुक्त मका दिला, तोही साध्या संकराने, जनुकीय खुणांची मदत घेऊन. आफ्रिकेत नारिंगी रताळ्याने तर खेडीच्या खेडी बदलली, त्यावर काम करणाऱ्या चौघांना २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्याविरुद्ध कोणी कोर्टात गेलं नाही. सोपा रस्ता असेल तिथे तोच धरावा. भाताला तो रस्ता नव्हता, इतकंच.

ज्वारीत जीवनसत्त्व अ आणता येईल का?

आणलेलं आहे, आफ्रिकेसाठी. तिथेही साठवणीचं तेच दुखणं निघालं: दाण्यातलं निम्मं कॅरोटीन चार आठवड्यांच्या आत नाहीसं होई. मग सातूचं एक जनुक घालून दाण्यात जीवनसत्त्व ई वाढवलं. ई ने कॅरोटीनचं ऑक्सिडीकरण रोखलं आणि निम्मं व्हायला दहा आठवडे लागू लागले. २०१६ चं हे काम आहे. हुशारीचं आहे यात वाद नाही. पण सोलापूरची मालदांडी सुगीत घरात येते आणि पुढच्या सुगीपर्यंत पुरवायची असते. दहा आठवड्यांनी तिथे भागत नाही.

बाकीची जीवनसत्त्वं?

फॉलेटचं, म्हणजे फॉलिक आम्लाच्या नैसर्गिक रूपाचं, काम बेल्जियमच्या गेन्ट विद्यापीठात झालं: तांदळात शंभर पटीपर्यंत वाढ, २००७ मध्ये. गरोदरपणाच्या सुरुवातीला फॉलेट कमी पडलं तर बाळाच्या मज्जारज्जूत दोष राहतो, त्यामुळे याचं मोल मोठं. स्पेनच्या येय्दा विद्यापीठाने २००९ मध्ये एकाच पांढऱ्या मक्यात बीटा-कॅरोटीन १६९ पट, क सहा पट आणि फॉलेट दुप्पट करून दाखवलं. युगांडात रोजच्या जेवणातल्या शिजवायच्या केळ्यासाठी ऑस्ट्रेलियाच्या जेम्स डेल यांचा गट पापुआ न्यू गिनीतल्या नारिंगी गराच्या केळ्याचं जनुक वापरतो. केळ्याला धड बी नसतं, संकर करणं महाकठीण, म्हणून तिथे जनुकीय मार्ग पटतो. आपल्या जळगावी केळ्याच्या घराण्यातल्या कॅव्हेंडिशवरही त्यांनी हे आधी करून पाहिलं.

शाकाहाऱ्यांना ब१२ कमी पडतं. ते डाळीत आणा की!

ब१२ वनस्पती बनवत नाहीत, त्यांना ते लागतही नाही. जिवाणूंमध्ये ते बनवायला तीसेक जनुकांची साखळी लागते. दूध, दही, गोळी किंवा रेशनचा तो तरंगणारा दाणा, हेच पर्याय.

जीन एडिटिंग म्हणजे हेच का?

त्यात बाहेरचं जनुक राहतंच असं नाही. असलेल्याच जनुकात नेमक्या जागी छोटा बदल करतात. इंग्लंडच्या जॉन इन्स केंद्राने २०२२ मध्ये टोमॅटोतलं एक जनुक बंद केलं. त्यामुळे ड जीवनसत्त्वाचा कच्चा माल फळात साठू लागला, आणि अतिनील किरणांत ठेवल्यावर त्याचं ड झालं, एका टोमॅटोत दोन अंड्यांइतकं. भारताने मार्च २०२२ मध्ये बाहेरचं जनुक नसलेल्या अशा पिकांना जनुकीय बदलाच्या कडक नियमांतून सूट दिली आणि मे २०२५ मध्ये असे दोन भाताचे वाण जाहीर झाले. त्यांचा उद्देश उत्पन्न आणि क्षार-दुष्काळ सहन करणं हा आहे, पोषण नाही.

भारतात सोनेरी तांदळाचं बियाणं मिळेल? घरच्या खाचरात लावून पाहायचं आहे.

मिळणार नाही, आणि परवानगीशिवाय लावणं बेकायदा आहे. आपल्याकडे लागवडीखाली असलेलं जनुकीय बदल केलेलं पीक म्हणजे बीटी कापूस. बीटी वांग्यावर फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती आली ती अजून उठलेली नाही. मोहरीला २०२२ मध्ये पर्यावरणीय मंजुरी मिळाली, पण जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं त्यावर एकमत झालं नाही.

चोरून बियाणं येईल असं कोणाला वाटत असेल तर तेही अवघड. अकोला जिल्ह्यात जून २०१९ मध्ये शेतकरी संघटनेच्या लोकांनी तणनाशक सहन करणारा बेकायदा कापूस उघड उघड लावला, गुन्हे ओढवून घेतले, कारण निंदणीची मजुरी वाचत होती. सोनेरी तांदळात लावणाऱ्याची एक पैही वाचत नाही. एकरी पोतं वाढत नाही, कीड कमी होत नाही, बाजारात पिवळ्या दाण्याला पांढऱ्यापेक्षा कमी भाव मिळण्याचाच संभव जास्त. फायदा सगळा खाणाऱ्या पोराचा. उद्या परवानगी मिळालीच, तर शेतकऱ्याने तो लावावा यासाठी सरकारला हमीभावाच्या वर काहीतरी द्यावं लागेल, आणि अंगणवाडीच्या खिचडीसाठी तो ताजा सडून, वेळेवर उचलावा लागेल.